आदरांजली कोणाला? : एका गिटारवादकाच्या स्मरणमैफिलीच्या निमित्ताने

दलित साहित्याची चळवळ उभी राहिली तेव्हापासून आपण अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नाव घेत आलो आहोत. खुद्द बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले होते. पुढे डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेतून शिकून आले आणि त्यांनी आपल्या लेखकांना निग्रो साहित्याची ओळख करून दिली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तिचे नावच ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले होते. रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन ही नावे आमच्या चर्चासत्रांतून, प्रबंधांतून आणि प्रस्तावनांतून वर्षानुवर्षे येत राहिली. मीही विद्यार्थ्यांना ती शिकवतो.

परंतु या सर्व व्यवहारात एक मोठी उणीव राहून गेली, असे आता मला वाटते. आपण कृष्णवर्णीयांचे साहित्य वाचले, त्यांचे संगीत ऐकले नाही. ज्या समाजाला कित्येक पिढ्या अक्षरओळख करून घेणे गुन्हा होता, त्या समाजाने आपला इतिहास प्रथम कशात लिहिला असेल? कागदावर तर नव्हेच. तो गळ्यात आणि वाद्यात लिहिला. आपल्याकडेही तेच घडले. आत्मकथने नंतर आली, जलसा आधी आला. जलशाच्याही आधी हलगी होती. आणि हलगीविषयी आपण फारसे बोलत नाही. का बोलत नाही, हे मला एका परक्या शहरात, एका परक्या वाद्यासमोर बसलो असताना प्रथम नीट कळले. त्याची ही हकीकत आहे.

२

२०२३ च्या अखेरीस काही महिने मी अभ्यासाच्या निमित्ताने अमेरिकेतील सिअॅटल शहरी होतो. हे शहर आपल्या वाचकांना एका वेगळ्या कारणाने माहीत असेल. त्याच वर्षी २१ फेब्रुवारीला सिअॅटलच्या नगर परिषदेने जातीवर आधारित भेदभावाला बंदी करणारा कायदा केला. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. मी त्या कायद्याच्या कुतूहलानेच तिथे गेलो होतो. पण त्या शहराला आपला वाटणारा जो माणूस आहे, तो एक गिटारवादक आहे. त्याचे नाव जिमी हेंड्रिक्स. ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावर गुडघे टेकून गिटार वाजवणारा त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. शहरात त्याच्या नावाची बाग आहे. जवळच्या रेंटन गावी त्याची समाधी आहे, तिथे लोक फुले ठेवतात.

नोव्हेंबरात त्याचा जन्मदिवस येतो. त्या सुमारास एका सभागृहात त्याच्या स्मरणार्थ मैफल होती. स्मरणमैफल हा प्रकार आपल्याला अपरिचित नाही. वामनदादांच्या स्मृतिदिनी गावोगावचे गायक जमतात आणि रात्रभर वामनदादांचीच गाणी गातात, तसेच ते. मूळ कलावंत नसतो. त्याची गाणी दुसरे कलावंत आपापल्या हाताने वाजवतात, आणि श्रोते त्या हातांत तो हात शोधत बसतात.

मी तिकीट काढून आत गेलो. पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती ही, की सभागृह गोऱ्या माणसांनी भरले होते. बहुतेक साठी-सत्तरीचे. पांढऱ्या केसांच्या शेंड्या, अंगात हेंड्रिक्सचे चित्र छापलेले सदरे. रंगमंचावर पाच-सहा गिटारवादक आळीपाळीने येत होते. त्यांत दोन कृष्णवर्णीय होते. माझ्या शेजारी एक वयस्क कृष्णवर्णीय गृहस्थ बसले होते. आमच्या संबंध रांगेत गोरे नसलेले आम्ही दोघेच.

पहिली गाणी सुरू झाली तेव्हा मला काही उमजेना. आवाज इतका मोठा, की छातीच्या फासळ्या थरथरत होत्या. सूर म्हणावा तर तो फाटलेला. मी उठून जाण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात एका वादकाने एकच सूर छेडला आणि हात बाजूला घेतला. तार कुणी छेडत नव्हते, तरी सूर थांबेना. तो वाढत गेला, चिरकला, मग रडल्यासारखा झाला. तो आवाज मी पूर्वी ऐकला होता. कुठे, ते आठवायला मला मध्यंतर यावे लागले.

३

आधी हा माणूस कोण होता ते सांगितले पाहिजे.

जिमी हेंड्रिक्सचा जन्म २७ नोव्हेंबर १९४२ चा, सिअॅटलचाच. आजी आणि आजोबा दोघेही फिरत्या नाटकमंडळीत होते. आजी नाचणारी, आजोबा रंगमंचामागचे कामगार. बाप जन्माच्या वेळी सैन्यात, आई वयाने अगदीच लहान. घर मोडके. आई १९५८ साली वारली. पोराला वाजवायचा नाद, पण वाद्य नाही. तो केरसुणी छातीशी धरून गिटार वाजवल्याचे सोंग करी. पुढे कचऱ्यात त्याला एक युकुलेली सापडली. हे गिटारच्या जातीचे लहान वाद्य. तिला एकच तार शिल्लक होती. त्या एका तारेवर तो ऐकलेली गाणी काढू लागला. पंधराव्या वर्षी पाच डॉलरला एक जुनी गिटार मिळाली.

एक तार! तमाशातले आपले तुणतुणे आठवा. लाकडी नळकांडे, खाली कातडे, वर एक तार. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाच्या शेतांवर राबणारे कृष्णवर्णीय मजूर झोपडीच्या भिंतीला दोन खिळे मारून त्यांत एक तार ताणीत आणि बाटलीचा तुकडा तिच्यावरून घासून सूर काढीत. ज्याला 'ब्लूज' म्हणतात, त्या संगीतातले कितीतरी मोठे वादक असल्या एका तारेवर शिकले. ज्याच्याजवळ काही नाही तो एका तारेपासून सुरुवात करतो. इथे काय आणि तिथे काय.

हेंड्रिक्स डावखुरा होता. डाव्या हाताच्या गिटारी दुर्मीळ आणि महाग. त्याने उजव्या हाताची गिटार उलटी धरली आणि तारा उलट्या क्रमाने चढवून घेतल्या. जगभरच्या रंगमंचांवर त्याने जी गिटार गाजवली ती अशी उलटी धरलेली होती. दुसऱ्याच्या हातासाठी घडवलेले हत्यार आपल्या हाताला बेतून घ्यायचे, ही आपल्यालाही ठाऊक असलेली गोष्ट आहे. आमच्या लेखकांनी प्रमाण मराठीचे काय केले?

शाळा त्याने पुरी केली नाही. १९६१ साली चोरीच्या मोटारीत सापडला. तुरुंग की सैन्य, असा पर्याय आला, आणि तो सैन्यात गेला. छत्रीधारी तुकडीत वर्षभर राहून १९६२ मध्ये बाहेर पडला. मग काही वर्षे तो दुसऱ्यांच्या ताफ्यांत मागे उभा राहून वाजवीत हिंडला. दक्षिणेत त्या काळी कृष्णवर्णीय कलावंतांना गोऱ्यांच्या नाट्यगृहांत आणि खाणावळींत सुखाने वावरता येत नसे. त्यांचे स्वतःचे असे नाट्यगृहांचे आणि गुत्त्यांचे एक जाळे होते. त्या जाळ्याला नाव होते 'चिटलिन सर्किट'. चिटलिन म्हणजे डुकराची आतडी. शुद्ध मराठीत सांगायचे तर वजडी. चांगले मांस मालकाच्या घरी आणि आतडी गुलामांच्या वाट्याला, म्हणून ते त्यांचे अन्न झाले आणि पुढे त्यांच्या रंगमंचाचेही नाव झाले. ज्यांच्या घरी वजडी आणि चान्या शिजल्या आहेत त्यांना या नावाचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागणार नाही.

अमेरिकेत कुणी विचारीना. सप्टेंबर १९६६ मध्ये एका इंग्रज वादकाने त्याला लंडनला नेले आणि काही महिन्यांतच तो तिथे गाजला. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील महोत्सवात त्याने वाजवून झाल्यावर गिटार पेटवून दिली, तेव्हा कुठे त्याच्या स्वतःच्या देशाने त्याच्याकडे पाहिले. १८ सप्टेंबर १९७० रोजी लंडनमध्ये तो मेला. वय २७. कीर्तीची अवघी चार वर्षे.

४

आता त्या न थांबणाऱ्या सुराविषयी. विजेच्या गिटारला बहुधा पोकळ पेटी नसते. पोलादी तारांच्या खाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. तार थरथरली की वेटोळ्यात वीज निर्माण होते, ती ध्वनिवर्धकात जाऊन मोठी होते आणि कर्ण्यातून आवाज बाहेर पडतो. पण वादक कर्ण्याच्या अगदी समोर उभा राहिला, की तो मोठा आवाज हवेतून परत येऊन त्याच तारेला थरथरवतो. तार पुन्हा वीज देते, कर्णा पुन्हा आवाज करतो, आणि हे चक्र चालू राहते. आपल्या सभांतून ध्वनिक्षेपक मध्येच किंचाळतो तो याच कारणाने.

हेंड्रिक्सच्या आधी सर्वसाधारण वादक हा दोष मानीत आणि टाळीत. त्याचा जाणीवपूर्वक उपयोग करणारे दोघे-चौघे होते. हेंड्रिक्सने मात्र त्या दोषाची भाषा केली. कर्ण्यापासून किती पावलांवर उभे राहायचे, गिटार कोणत्या कोनात फिरवायची, तारांचा ताण दांडीने केव्हा सैल करायचा, यावर त्याने त्या किंकाळीला सुरात आणले. जो आवाज शिष्टांच्या कानाला नकोसा, त्यातूनच त्याने आपले म्हणणे मांडले.

मध्यंतरात बाहेर येऊन उभा राहिलो आणि मला आठवले. माझा आजा हलगी वाजवायचा. मी ती कधी ऐकली नाही. पण आमच्या गावच्या जत्रेत दुसऱ्या गावाहून आलेली हलगी मी लहानपणी ऐकली होती. वाजवण्याआधी वादक काटक्यांचा जाळ करून हलगीचे कातडे तापवतो. कातडे ताणले जाते, आणि मग पहिलेच टिपरू पडते ते कानात खिळा मारल्यासारखे. तो आवाजही गोड नसतो. तो गोड असावा अशी कुणाची अपेक्षाही नसते. तो लांब जावा एवढीच अपेक्षा असते.

५

इथे एक फरक समजून घेतला पाहिजे. नाहीतर साम्याच्या नादात आपण चुकू.

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना वसाहतीत १७३९ साली गुलामांनी उठाव केला. ते ढोल वाजवीत, माणसे गोळा करीत निघाले होते. दुसऱ्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि गुलामांना ढोल बाळगण्यास बंदी झाली. ढोल म्हणजे निरोप, ढोल म्हणजे जमाव, हे मालकांनी ओळखले. म्हणून त्यांनी गुलामाच्या हातातून ढोल काढून घेतला.

आपल्याकडे उलट झाले. इथे ढोल हातात दिला गेला. दिला म्हणजे लादला. लग्नात वाजव, मयतीत वाजव, देवाच्या पालखीपुढे वाजव आणि देवळाच्या पायरीपाशी थांब. कातडे मेलेल्या ढोराचे, म्हणून वाद्य विटाळाचे. वाद्य विटाळाचे, म्हणून वादक विटाळाचा. पण त्याच्याशिवाय गावाचे शुभकार्य होत नाही. तिथे वाद्य हिरावून घेणे ही गुलामी होती, इथे वाद्य गळ्यात अडकवणे ही गुलामी होती. म्हणूनच तिथे वाद्य हातात घेणे हा विद्रोह ठरला, आणि इथे वाद्य खाली ठेवणे हा विद्रोह ठरला.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर माझ्या आज्याने हलगी खाली ठेवली. तेव्हा तो पंचविशीत होता. गावाने बलुते बंद केले, दोन वर्षे घरात अर्धपोटी काढली, पण त्याने ती पुन्हा उचलली नाही. मी शाळेत असताना एकदा डबा उपडा घालून वाजवीत होतो. आज्याने येऊन डबा काढून घेतला आणि लाथेने लांब उडवला. मी त्याला विचारले, "तुला येत होती ना लई चांगली?" तो म्हणाला, "येत हुती म्हणून तर सोडली. न येणाऱ्यानं सोडली काय अन् धरली काय!"

हे उत्तर मला पुष्कळ वर्षे कळले नाही. आमच्या घरात मी पहिला पदवीधर. महाविद्यालयात नोकरी लागली. एका स्नेहसंमेलनाच्या वेळी एक सहकारी अगदी प्रेमाने म्हणाले, "सर, लोककलेचा कार्यक्रम आहे, तुम्ही हलगी वाजवा ना. तुमच्या तर रक्तातच असेल." चारजण हसले. त्यात दुष्टपणा नव्हता, हे मी आजही मान्य करतो. माझ्या हातात पुस्तक होते, आणि माझ्या पदवीच्या खाली त्यांना माझ्या आज्याचे टिपरू दिसत होते. मी नकार दिला. त्यांना वाटले, सरांना लाज वाटते. मलाही काही दिवस तसेच वाटत राहिले. खरोखर ती लाज होती की आज्याचाच नकार होता, याचा निवाडा माझ्या मनात झालेला नव्हता.

६

मध्यंतरानंतर शेजारचे गृहस्थ बोलू लागले. मी कुठला, असे त्यांनी विचारले. भारतातला म्हणताच म्हणाले, "तुमच्या त्या जातीच्या कायद्याबद्दल वर्तमानपत्रात वाचले. ही जात म्हणजे नेमके काय असते?" मी वर्गात या विषयावर तास घेतो, पण तिथे मला सुरुवात सापडेना. मग त्यांनीच ती करून दिली. ते हेंड्रिक्सच्या मोहल्ल्यात, सेंट्रल डिस्ट्रिक्टमध्ये वाढले होते. म्हणाले, "आमच्या लहानपणी शहराच्या बहुतेक भागांत घरांच्या खरेदीखतातच लिहिलेले असे, की हे घर काळ्या माणसाला विकायचे नाही. म्हणून आम्ही सगळे एकाच ठिकाणी." मी त्यांना म्हणालो, "आमच्याकडेही तसेच आहे. फरक एवढाच, की आमचे खरेदीखत जन्माआधी लिहिलेले असते, आणि ते देवाने लिहिले आहे असे सांगतात." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे वकील लावूनही उपयोग नाही."

त्यांचे म्हणणे खरे होते हे मी नंतर तपासले. सिअॅटलमध्ये घर विकताना वा भाड्याने देताना वर्णभेद करण्यास बंदी करणारा नियम झाला तो १९६८ साली. तोपर्यंत हेंड्रिक्स जगप्रसिद्ध झाला होता. ज्याच्या मैफिलीची तिकिटे त्या शहरात विकली जात होती, त्याच्या बापाला त्या शहराच्या बऱ्याच भागांत घर विकत घेता आले नसते. आज सेंट्रल डिस्ट्रिक्टमधील घरांच्या किमती इतक्या वाढल्या आहेत, की कृष्णवर्णीय तिथेही अल्पसंख्य झाले आहेत. बाग हेंड्रिक्सच्या नावाची आहे. बागेभोवती त्याचे लोक उरत चाललेले नाहीत.

७

उत्तरार्धात दोन रचना वाजल्या. त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यातच या माणसाचे मर्म आहे.

पहिली, अमेरिकेचे राष्ट्रगीत. १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी वुडस्टॉक महोत्सवाच्या अगदी शेवटी हेंड्रिक्सने ते गिटारवर वाजवले. महोत्सवाला चार लाखांवर माणसे आली होती. पाऊस, चिखल आणि उशीर यामुळे तोवर बहुतेक निघून गेली होती. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. त्या युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत मरणाऱ्या अमेरिकन सैनिकांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त होते. राष्ट्रगीतात जिथे तोफगोळ्यांचा उल्लेख येतो, तिथे हेंड्रिक्सने गीत थांबवून तोफगोळेच वाजवले. विमानाचा सूर मारल्याचा आवाज, स्फोट, किंकाळ्या. मध्येच सैनिकाच्या दफनाच्या वेळी वाजते ती बिगुलाची धून. आणि मग पुन्हा राष्ट्रगीत, जणू मध्ये काही झालेच नाही. एक शब्दही न उच्चारता त्याने राष्ट्राला त्याचेच गीत ऐकवले.

पुढच्या महिन्यात दूरचित्रवाणीवर त्याला विचारण्यात आले, तेव्हा आपण काही वावगे केले असे तो मानायला तयार नव्हता. आपण अमेरिकन आहोत, हे गीत शाळेत म्हणत होतो, आणि आपल्याला ते सुंदर वाटले, अशा आशयाचे त्याचे उत्तर होते. हे उत्तर पळपुटे आहे असे मला वाटत नाही. देशावर हक्क सांगणारा माणूसच त्या देशाला प्रश्न विचारू शकतो.

दुसरी रचना 'मशीन गन'. १९६९ संपून १९७० उजाडले त्या रात्री न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट नाट्यगृहात त्याने नवा ताफा उभा केला. तिघेही वादक कृष्णवर्णीय. त्यांतला बिली कॉक्स हा सैन्यातला जुना सोबती. ही रचना त्याने सैनिकांना अर्पण केली, आणि त्यात व्हिएतनाममधल्या सैनिकांच्या बरोबरीने शिकागो, मिलवॉकी, न्यूयॉर्क या अमेरिकेतल्याच शहरांची नावे घेतली. म्हणजे घरातही युद्धच चालू आहे, हे त्याने सांगितले. ताशावर गोळ्यांची फैर आणि तिच्यावर गिटारचा एकच लांबलेला आक्रोश.

ती फैर ऐकताना मला घाटकोपरचे रमाबाई नगर आठवले. ११ जुलै १९९७. बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मेली. एकतारीवर गाणारे आमचे शाहीर विलास घोगरे यांना ते दुःख सोसले नाही. काही दिवसांत त्यांनी आपले जीवन संपवले. माझ्याभोवतीचे श्रोते डोळे मिटून डोलत होते. सूर संपताच ते उठून उभे राहिले, शिट्ट्या वाजल्या. शेजारचे गृहस्थ मात्र बसून होते. मीही बसून राहिलो.

८

त्या मैफिलीत मला पडलेला प्रश्न असा : आदरांजली कोणाला वाहिली जात होती? बोटांना, की त्या बोटांमागच्या माणसाला?

पुढे आलेले काही वादक फार तयारीचे होते. हेंड्रिक्सने चुकून घेतलेली जागादेखील ते हुबेहूब घेत होते. पण त्यांच्या वादनात गोळीबार ही एक करामत झाली होती. दोघा कृष्णवर्णीय वादकांपैकी एकाने मात्र हेंड्रिक्सची रचना वाजवता वाजवता ती मध्येच जुन्या ब्लूजमध्ये, त्या कापसाच्या शेतातल्या संगीतात नेऊन सोडली. हा सूर कुठून आला ते पाहा, असे जणू त्याने दाखवून दिले. टाळ्या त्याला थोड्या कमी पडल्या. माझ्या लेखी त्या रात्री आदरांजली त्याने वाहिली.

अर्थात सगळा दोष गोऱ्या श्रोत्यांवर टाकून मोकळे होता येणार नाही. ५ सप्टेंबर १९६९ रोजी हेंड्रिक्स न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, रस्त्यावर विनामूल्य वाजवायला गेला. तिथे त्याच्यावर बाटली आणि अंडी फेकली गेली, आणि पुष्कळ लोक निघून गेले. कृष्णवर्णीयांच्या नभोवाणी केंद्रांनी त्याला फारसे वाजवले नव्हते. त्याचे श्रोते गोरे, ताफ्यातले साथीदार गोरे, म्हणून तो आपला नव्हे असे त्यांना वाटे. आपलेच लोक आपल्या कलावंताला ओळखायला किती वेळ लावतात! आणि आपण त्याला न ओळखल्याची जागा दुसरे भरून काढतात. हेंड्रिक्स चळवळीचा कार्यकर्ता नव्हता. त्याला मरणोत्तर पँथर ठरवण्याचे कारण नाही. पण ज्या इतिहासातून त्याचा सूर आला, त्या इतिहासाचे नाव न घेता त्याचा सूर घेणे, ही चोरीच आहे.

ही चोरी आपल्याला नवी नाही. लावणीच्या इतिहासात पठ्ठे बापूरावांचे नाव ठळक अक्षरात येते. पवळा येते ती त्यांच्या 'सोबत'. ढोलकी-तुणतुणे चित्रपटात गेले, शासकीय महोत्सवात गेले, परदेशी गेले. वाजवणाऱ्यांची नावे गावात राहिली आणि तिथेच पुसली गेली. हेंड्रिक्सच्या संगीताचे हक्कदेखील त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षे त्याच्या बापाच्या हाती नव्हते. न्यायालयात भांडून ते त्याने १९९५ साली परत मिळवले. बागकाम करून पोट भरणाऱ्या त्या बापाने निदान भांडण केले. आपल्याकडे भांडायला कागदच नाही.

९

मग हलगीचे काय करायचे? चळवळीत याविषयी दोन मते आहेत. गुलामीची खूण म्हणून ती कायमची टाकावी, हे एक. ती आपली कला म्हणून अभिमानाने उचलावी, हे दुसरे. चेन्नईत २०१७ साली 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हा ताफा उभा राहिला. त्यांनी पराई हा आपल्या हलगीसारखाच विटाळाचा मानलेला ढोल विजेच्या गिटारशेजारी आणून ठेवला आणि जातीविरुद्ध गाणी गायली. आपल्या भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी हे फार पूर्वी केले होते. तमाशाचेच ढोलकी-तुणतुणे घेतले आणि त्यावर बाबासाहेबांचा विचार सांगितला. वाद्य तेच, पण हुकूम बदलला.

माझ्या मते प्रश्न वाद्याचा नाहीच. कोण वाजवतो, कोणाच्या हुकुमाने वाजवतो आणि मोबदल्याबरोबर नावही मिळते की नाही, हे तीन प्रश्न विचारले की उत्तर आपोआप मिळते. आज्याने हलगी टाकली नव्हती, हुकूम टाकला होता. 'येत हुती म्हणून तर सोडली,' याचा अर्थ मला तिथे कळला. ज्याची कला गावाला हवी होती, त्यानेच ती नाकारली तर तो नकार गावाला ऐकू जाणार होता. हेंड्रिक्सने पेटवलेली गिटार जगाने पाहिली. आज्याने खुंटीला टांगलेली हलगी कुणी पाहिली नाही. पण दोन्ही वादकांनी आपल्या वाद्यावरचा हक्कच बजावला, असे मी समजतो. आणि सहकाऱ्याला मी दिलेला नकार लाजेचा नव्हता, हेही आता मी ठामपणे सांगू शकतो. उद्या मी हलगी शिकेन किंवा शिकणारही नाही. ते मी ठरवीन.

आपल्या कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी एक काम हाती घ्यावे असे मला सुचवायचे आहे. त्याला अनुदान लागत नाही. आपापल्या गावातले जुने हलगीवाले, संबळवाले, सनईवाले, जलशातले साथीदार यांची नावे लिहून काढा. कोण काय वाजवीत होते, केव्हा सोडले, का सोडले, कुणी सोडले नाही आणि का, हे विचारा. मृतांची नावे जिवंतांकडून घ्या. पुतळे आणि मैफिली पुढे कोणीही उभारील. नावे आपणच राखली पाहिजेत.

सुरुवात मी घरापासून केली. त्या रात्री खोलीवर परतल्यावर वडिलांना दूरध्वनी केला. तिकडे दुपार होती. आज्याबरोबर वाजवायला कोण कोण असायचे, असे विचारले. ते आधी चिडले. एवढ्या लांब जाऊन हेच विचारतोस का, म्हणाले. मग थोड्या वेळाने एकेक करून चार नावे सांगितली. मी ती वहीत उतरवून घेतली. पाचवा एक होता, तो डाव्या हाताने वाजवायचा, एवढे त्यांना आठवत होते. नाव आठवले नाही.